ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स: कारखान्यातून आलेल्या एका प्राध्यापकाचा प्रकरण अभ्यास

मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजने १८६८ साली अभियांत्रिकीचे नवे अध्यासन स्थापन केले आणि त्यावर पंचवीस वर्षांच्या एका तरुणाची नेमणूक केली. सुती गिरण्या, बॉयलर आणि यंत्रांचे कारखाने यांवर उभ्या असलेल्या या शहरातील उद्योजकांनी त्यासाठी पैसा उभा केला होता, वर्षाला ५०० पौंड पगार ठरवला होता, आणि कारखान्यांना शास्त्र जाणणारी माणसे मिळावीत एवढीच त्यांची सरळ अपेक्षा होती. निवड झालेल्या ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांच्या नावावर तोवर गाजलेले असे कोणतेही संशोधन नव्हते. पुढे १९०५ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे सदतीस वर्षे, ते याच पदावर राहिले. नळातले पाणी कधी शांत वाहते आणि कधी खवळते याची कसोटी, बेअरिंगमधले (फिरत्या आसाला आधार देणाऱ्या भागातले) तेल भार कसे पेलते याचा सिद्धांत आणि खवळलेल्या प्रवाहाची सरासरी समीकरणे ही तिन्ही कामे त्यांनी या काळात केली, आणि यांत्रिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ती आजही शिकावी लागतात.

या प्रकरणात अभ्यासण्याजोगा पेच असा आहे की, वर्गात रेनॉल्ड्स यांचे बोलणे विद्यार्थ्यांना धड समजत नसे, त्यांचे लेखन किचकट होते, आणि त्यांचा सर्वांत खोल निबंध तर तो तपासणाऱ्या त्या काळच्या अग्रगण्य विद्वानांनाही नीट उमगला नाही. तरीही त्यांचे काम टिकले आणि दर पिढीत नव्याने उपयोगी पडत राहिले. माझ्या मते याचे कारण त्यांच्या प्रश्न निवडण्याच्या आणि तो मांडण्याच्या पद्धतीत आहे. ती पद्धत कशी घडली, कशी चालली आणि कोठे अडली, हे येथे पाहायचे आहे.

रेनॉल्ड्स यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजी बेलफास्ट येथे झाला, पण वाढ इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील डेडम या गावी झाली. वडील धर्मोपदेशक आणि शिक्षक होते, केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात शिकलेले होते, गणिताचे जाणकार होते आणि शेतीच्या यंत्रांत सुधारणा करून त्यांचे पेटंट घेण्याइतके त्यांना यंत्रांचे वेड होते. मुलाचे सुरुवातीचे शिक्षण त्यांच्याच हाताखाली झाले. त्यानंतर जे घडले ते मला या चरित्रातील सर्वांत निर्णायक पाऊल वाटते. विद्यापीठात जाण्याआधी, १८६१ साली, रेनॉल्ड्स यांनी स्टोनी स्ट्रॅटफर्ड येथे एडवर्ड हेज या यंत्रज्ञाच्या कारखान्यात उमेदवारी केली. गणित शिकून मग कारखाना पाहावा हा नेहमीचा क्रम येथे उलटा झाला. यंत्र हाताळताना जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरे गणिताशिवाय मिळत नाहीत हे कारखान्यात कळले, आणि म्हणून ते केंब्रिजला गेले. १८६७ साली गणिताच्या परीक्षेत ते सातवे रँग्लर झाले, म्हणजे पहिल्या वर्गात सातवे आले, कॉलेजची फेलोशिप मिळाली, पण तेथे न थांबता त्यांनी लंडनमध्ये स्थापत्य अभियंत्यांच्या एका फर्ममध्ये काम सुरू केले आणि वर्षभरातच मँचेस्टरच्या जागेसाठी अर्ज केला.

त्या वेळी अभियंता तयार होण्याची रूढ वाट म्हणजे पैसे भरून एखाद्या फर्ममध्ये उमेदवारी करणे. अभियांत्रिकी हा विद्यापीठात शिकवण्याचा विषय आहे काय, याबद्दलच अनेकांना शंका होती. अशी अध्यासने इंग्लंडमध्ये तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि काय शिकवायचे याचा आराखडा कोणाकडे तयार नव्हता. रेनॉल्ड्स यांनी घेतलेली भूमिका स्पष्ट होती: स्थापत्य, यांत्रिक किंवा खाणकाम असा भेद पुढे व्यवसायात पडतो, परंतु मुळाशी असलेले यामिकी, उष्णता आणि द्रव यांचे नियम सर्वांना सारखेच लागू होतात, म्हणून ते सर्वांनी एकत्र आणि गणितासह शिकले पाहिजेत. आज ही गोष्ट इतकी रुळली आहे की, ती कोणीतरी ठरवावी लागली होती हेच लक्षात येत नाही.

शिक्षक म्हणून ते कसे होते याचे सर्वांत जिवंत वर्णन त्यांच्या एका विद्यार्थ्याने केले आहे. हा विद्यार्थी १८७० साली चौदाव्या वर्षी अभियंता होण्यासाठी ओवेन्स कॉलेजात आला होता. वडिलांच्या मृत्यूनंतर उमेदवारीची फी परवडेना म्हणून तो भौतिकशास्त्राकडे वळला आणि पुढे इलेक्ट्रॉनचा शोधक जे. जे. थॉमसन म्हणून जगाला माहीत झाला. थॉमसन सांगतात की, रेनॉल्ड्स वर्गात बरेच उशिरा येत, टेबलावरचा रँकिन या स्कॉटिश अभियंत्याचा ग्रंथ हाती लागेल त्या पानावर उघडत, तेथील एखादे सूत्र चुकीचे आहे असे जाहीर करीत आणि ते सिद्ध करायला फळ्याकडे वळत. विद्यार्थ्यांकडे पाठ करून, स्वतःशीच बोलत ते लिहीत जात, मध्येच सारे पुसून टाकीत आणि पुन्हा आरंभ करीत. तास संपता संपता एखादी मांडणी न पुसता पूर्ण होई, आणि तिच्यावरून रँकिनचेच बरोबर होते असा निष्कर्ष निघे. परीक्षेच्या दृष्टीने असा तास निरुपयोगी ठरावा. पण थॉमसन यांनी ही आठवण कृतज्ञतेने नोंदवली आहे. त्या वर्गात उत्तर तयार मिळत नसे, मात्र एक समर्थ बुद्धी नव्या प्रश्नाशी कशी झुंजते हे समोर दिसत असे. थॉमसन आणखी एक गोष्ट सांगतात, आणि या प्रकरणात ती फार महत्त्वाची आहे. इतरांनी काय लिहिले आहे ते वाचण्याआधी रेनॉल्ड्स तो प्रश्न स्वतःच्या बाजूने अथपासून इतिपर्यंत विचारून काढीत. या सवयीतून त्यांची मौलिकता आली, आणि त्यांच्या लेखनातील दुर्बोधताही, मला वाटते, तिच्यातूनच आली. स्वतःची वाट स्वतः काढणारा माणूस खुणाही स्वतःच्याच वापरतो.

घरची बाजू थोडक्यात सांगण्याजोगी आहे, कारण त्याबद्दल त्यांनी जगाला फारसे सांगितले नाही. १८६८ साली त्यांचे लग्न झाले आणि वर्षभरातच पत्नी वारली. मागे राहिलेली मुलगीही १८७९ साली गेली. १८८१ साली त्यांनी पुन्हा विवाह केला. पाण्याच्या प्रवाहावरील त्यांचे मुख्य प्रयोग या दोन घटनांच्या मधल्या काळात, १८८० साली, सुरू झाले होते.

पहिल्या दशकातील त्यांच्या विषयांची यादी वरवर पाहता विस्कळीत वाटते. समुद्रात बोट डोलताना तिच्या प्रोपेलरचे इंजिन एकाएकी बेफाम वेगाने का फिरू लागते. प्रोपेलर उलटा फिरवला असता सुकाणू उलटे काम का करते. बॉयलरच्या नळ्यांत उष्णता धातूकडून पाण्याकडे किती झपाट्याने जाते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला आवाज लवकर का विरतो. पावसाने समुद्राच्या लाटा का निवतात. यांतले निम्मे प्रश्न इंजिनखोलीतून किंवा जहाजाच्या डेकवरून उचललेले आहेत, उरलेले कोणत्याही किनाऱ्यावर उभे राहिल्यास पडावेत असे. १८७५ साली त्यांनी पंपाच्या चाकाभोवती स्थिर मार्गदर्शक पाती बसवून पाण्याच्या वेगाचे दाबात रूपांतर करणाऱ्या आणि असे अनेक टप्पे एकापुढे एक जोडणाऱ्या पंपाचे पेटंट घेतले. पुढे मेदर अँड प्लॅट या मँचेस्टरच्याच कंपनीने तसे पंप बनवले. या सगळ्यात एक धागा आहे. बॉयलरवरील १८७४ च्या निबंधात त्यांनी असा विचार मांडला की, नळीच्या भिंतीपासून उष्णता आत पोहोचवण्याचे काम नुसते पाण्याचे कण एकमेकांना लागून असल्यामुळे होत नाही, तर पाण्यात उठणारे भोवरे तापलेले पाणी उचलून आत नेतात, आणि हेच भोवरे वाहण्याला होणारा विरोधही वाढवतात. म्हणजे घर्षण आणि उष्णतावहन यांचे मूळ एकच. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: हे भोवरे असतात केव्हा आणि नसतात केव्हा?

येथे या प्रकरणाच्या गाभ्याशी आपण येतो. त्या वेळी नळातल्या प्रवाहाच्या विरोधाबद्दल दोन विश्वासार्ह मापने उपलब्ध होती आणि त्यांचा मेळ बसत नव्हता. फ्रान्समधील वैद्य प्वाझेय यांनी केसासारख्या बारीक नळ्यांत प्रयोग करून दाखवले होते की, विरोध वेगाच्या प्रमाणात वाढतो. डार्सी या अभियंत्याने पाणीपुरवठ्याच्या मोठ्या नळांवर मापे घेतली तेव्हा विरोध जवळपास वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढताना दिसला. दोघेही काटेकोर प्रयोगकर्ते होते. श्यान द्रवाच्या, म्हणजे वाहताना आतून विरोध करणाऱ्या द्रवाच्या, गतीची समीकरणे केंब्रिजचे गणितज्ञ स्टोक्स यांनी मांडलेली होती आणि बारीक नळ्यांच्या बाबतीत ती प्वाझेय यांच्या मापांशी जुळत होती. मोठ्या नळांत तेच पाणी, तीच समीकरणे असूनही नियम निराळा का, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. व्यवहारातील अभियंते प्रत्येक प्रकारच्या नळासाठी अनुभवजन्य सूत्रे वापरून काम भागवीत होते.

रेनॉल्ड्स यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. विरोधाचा नियम कोणता, असे न विचारता त्यांनी विचारले की, पाणी सरळ रेषांत वाहील की नागमोडी भोवऱ्यांत, हे कोणत्या परिस्थितीवर ठरते? आणि समीकरणांकडे पाहून त्यांनी असे ताडले की, ही परिस्थिती वेग, नळाचा व्यास आणि द्रवाची श्यानता यांवर सुटी सुटी अवलंबून असू शकत नाही. वेग आणि व्यास यांचा गुणाकार घेऊन त्याला गतिक श्यानतेने, म्हणजे घनतेने भागलेल्या श्यानतेने, भागले की एक शुद्ध संख्या मिळते. तिला फूट, पौंड किंवा सेकंद असे कोणतेच एकक नसते. नळ बारीक असो वा रुंद, निर्णय या एका संख्येने व्हायला हवा. तसे असेल तर प्वाझेय आणि डार्सी दोघेही बरोबर ठरतात, कारण दोघे या संख्येच्या दोन वेगळ्या टोकांना काम करीत होते.

हा अंदाज पडताळण्यासाठी बांधलेले उपकरण साधे, पण विचारपूर्वक केलेले होते. सहा फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल अशी काचेच्या बाजू असलेली टाकी जमिनीपासून सुमारे सात फूट उंचीवर ठेवली होती. टाकीच्या आत पाण्यात बुडालेली काचेची नळी आडवी बसवली होती आणि तिच्या तोंडाला कर्ण्यासारखे रुंदावणारे लाकडी मुख लावले होते, ज्यामुळे पाणी आत शिरताना कोठेही ठेचकाळू नये. नळीचे दुसरे टोक टाकीबाहेर येऊन लोखंडी पाइपाने खाली उतरत होते आणि तळाशी असलेली तोटी लांब दांड्याने वरूनच उघडता येत होती. एक इंच, अर्धा इंच आणि पाव इंच अशा साधारण तीन व्यासांच्या नळ्या वापरल्या गेल्या. टाकी भरल्यावर पाणी पूर्ण निवेपर्यंत काही तास तसेच ठेवले जाई. मग नळीच्या मुखाशी एका सूक्ष्म नलिकेतून रंगीत पाण्याची धार सोडून तोटी हळूहळू उघडली जाई.

वेग कमी असताना रंगाची रेघ नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्यासारखी सरळ जाई. वेग वाढवत नेला की एका ठराविक क्षणी, मुखापासून काही अंतरावर, ती रेघ एकदम फुटे आणि पुढची सारी नळी रंगाने भरून जाई. हा बदल हळूहळू होत नसे, हे पाहणे रेनॉल्ड्स यांना फार महत्त्वाचे वाटले. वेग आणखी वाढवला की फुटण्याची जागा मुखाकडे सरके, पण अगदी मुखापर्यंत कधी पोहोचत नसे. फुटलेला भाग नुसत्या डोळ्याला एकसारखा रंगलेला दिसे. मात्र विजेच्या ठिणगीच्या क्षणिक उजेडात पाहिले असता त्याच भागात वेगवेगळी वेटोळी, म्हणजे प्रत्यक्ष भोवरे, ओळखू येत. आणखी एक निरीक्षण त्यांनी टिपून ठेवले. सीमेच्या जवळच्या वेगाला खळबळ सलग नसे. तिचे तुकडे मधूनमधून नळीतून सरकत जात आणि त्यांच्या मध्ये रेघ पुन्हा सरळ होई.

व्यास बदलणे सोपे होते. श्यानता बदलण्यासाठी त्यांनी पाण्याचे तापमान बदलले. पाणी ५ अंश सेल्सिअसवरून २२ अंशांवर गेले की त्याची श्यानता एक तृतीयांशाहून अधिक घटते, आणि प्वाझेय यांच्या मापांमुळे ही घट नेमकी किती हे ठाऊक होते. या सर्व प्रयोगांत रेघ फुटण्याचा वेग बदलत होता, पण ती शुद्ध संख्या साधारण एकाच ठिकाणी, १२,००० ते १३,००० च्या आसपास, येत होती.

दुसरा कोणी येथे थांबला असता. रेनॉल्ड्स यांनी मात्र ओळखले की, हे अर्धेच उत्तर आहे. शांत पाण्याची रेघ फुटायला किती वेग लागतो, हे पाणी किती शांत होते यावर अवलंबून राहणार. टाकीत जराशी हालचाल असली तरी रेघ लवकर फुटते, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांनी प्रश्न उलट बाजूने विचारला: आधीच खवळलेले पाणी कोणत्या वेगाखाली पुन्हा शांत होते? त्यासाठी रंगाचा उपयोग नव्हता, कारण पसरलेला रंग पुन्हा रेघेत गोळा होत नाही. त्यांनी अर्धा आणि पाव इंच व्यासाचे, सोळा फूट लांबीचे शिशाचे पाइप घेतले, शहराच्या नळाचे पाणी मुद्दाम खळबळीसह आत सोडले, बऱ्याच लांबीनंतर उरलेल्या भागात दाब किती घटतो ते मोजले, आणि वेग व दाबाची घट यांचा आलेख लॉगॅरिथमच्या कागदावर मांडावा तसा मांडला. आलेखाचे दोन सरळ तुकडे पडले. खालच्या वेगांना विरोध वेगाच्या प्रमाणात वाढत होता, वरच्या वेगांना वेगाच्या १.७२ घाताच्या आसपास, आणि दोन तुकड्यांमधील वळणाची जागा त्या शुद्ध संख्येच्या २,००० च्या जवळ होती.

आजच्या मापांत सांगायचे तर, २५ मिलिमीटर व्यासाच्या नळात २० अंश तापमानाचे पाणी सेकंदाला सुमारे ८ सेंटिमीटरपेक्षा हळू वाहत असेल, तर त्यात कितीही ढवळाढवळ केली तरी ते निवते. फार काळजी घेतली तर तेच पाणी सेकंदाला अर्ध्या मीटरपर्यंत शांत ठेवता येते. मधल्या पट्ट्यात काय होईल हे सुरुवातीच्या खळबळीवर ठरते. एका घटनेला दोन वेगवेगळ्या सीमा असतात, एक बिघडण्याची आणि दुसरी सावरण्याची, आणि त्या वेगवेगळ्या प्रयोगांनीच मोजाव्या लागतात, ही समज मला त्या संख्येच्या शोधाइतकीच मोठी वाटते. १८८३ साली हा निबंध रॉयल सोसायटी या ब्रिटनमधील अग्रगण्य विज्ञानसंस्थेने प्रसिद्ध केला. तो तपासणाऱ्यांत भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली आणि स्टोक्स होते आणि दोघांचेही मत अनुकूल होते. पुढल्या वर्षी एका जाहीर व्याख्यानात रेनॉल्ड्स यांनी खवळणाऱ्या प्रवाहाला सैन्याची उपमा दिली: वेग वाढला, तुकडी मोठी झाली की शिस्त मोडण्याचा धोका वाढतो.

त्याच सुमारास दुसरा प्रश्न कारखान्यातूनच त्यांच्याकडे चालत आला. यांत्रिक अभियंत्यांच्या ब्रिटिश संस्थेने घर्षणाच्या अभ्यासाचे काम बीचम टॉवर यांच्याकडे सोपवले होते. टॉवर रेल्वेच्या आसासारख्या चार इंच व्यासाच्या आसावर, वरून भार देणारे सहा इंच लांब अर्धे बेअरिंग बसवून मापे घेत होते आणि आसाची खालची बाजू तेलात बुडालेली होती. तेलपात्र बसवण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर अर्ध्या इंचाचे भोक पाडले, तर यंत्र सुरू होताच तेल त्या भोकातून वर येऊन सांडू लागले. भोकात बूच ठोकले, ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकली. शेवटी दाबमापक जोडला, तर बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड असताना त्याचा काटा २०० पौंडांची मर्यादा ओलांडून गेला. ज्या जागी वंगण घालण्याची तेव्हाची रीत होती, त्याच जागी तेल बाहेर पडायला सर्वांत जास्त धडपडत होते.

रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली याचा उलगडा केला. फिरणारा आस बेअरिंगच्या मध्यभागी नसून किंचित बाजूला असतो, त्यामुळे दोघांतील फट एका बाजूने निमुळती होत जाते. आसाला चिकटलेले तेल त्या निमुळत्या फटीत ओढले जाते, जाण्यास जागा उरत नाही, आणि म्हणून दाब चढतो. धातूला धातू लागतच नाही. भार पेलते ते तेलाचे पातळ पटल. त्यांनी या पटलातील दाबासाठी मांडलेले समीकरण आज वंगणशास्त्राचा पाया मानले जाते. टॉवर यांची मापे आणि रेनॉल्ड्स यांचे गणित एकत्र आल्यावर तेल कोठून घालावे, फट किती ठेवावी, हे अनुमानाऐवजी हिशेबाने ठरवणे शक्य झाले. ऑस्ट्रेलियात मिशेल आणि अमेरिकेत किंग्सबरी यांनी पुढे स्वतंत्रपणे कलत्या तुकड्यांचे थ्रस्ट बेअरिंग (आसाच्या लांबीच्या दिशेने येणारा रेटा पेलणारे) तयार केले, ज्यात प्रत्येक तुकडा आपणहून कलून तेलाची निमुळती फट तयार करतो. मोठ्या जहाजांच्या प्रोपेलरचा रेटा आणि जलविद्युत केंद्रांतील उभ्या यंत्रांचे वजन अशा बेअरिंगवर तोलले जाऊ लागले.

१८७७ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १८८८ साली तिचे रॉयल मेडल त्यांना मिळाले. याच वर्षी कॉलेजात मँचेस्टरचे यंत्रनिर्माते व्हिटवर्थ यांच्या नावाने अभियांत्रिकी प्रयोगशाळा उभी राहिली आणि तीत रेनॉल्ड्स यांच्या संकल्पनेनुसार तिहेरी प्रसरणाचे वाफेचे इंजिन बसले. या इंजिनावर त्यांनी मूरबी यांच्यासह १८९७ साली उष्णतेचा यांत्रिक तुल्यांक, म्हणजे ठराविक उष्णतेसाठी किती यांत्रिक कार्य लागते ते, मोजला, तोही पाणी गोठणबिंदूपासून उत्कलनबिंदूपर्यंत तापवून. मर्सी नदीच्या मुखाचे लहान प्रतिरूप करून, त्यात भरती-ओहोटीचा काळ सेकंदांत बसवून, वाळूचे चर खऱ्या मुखातल्यासारखे पडतात हे त्यांनी त्याआधीच दाखवले होते. बंदरे आणि नदीमुखे यांचा प्रतिरूपांवर अभ्यास करण्याची रीत या कामातून पुढे वाढली.

१८९५ चा निबंध मात्र वेगळ्या कसोटीचा आहे. खवळलेल्या प्रवाहात प्रत्येक बिंदूचा वेग क्षणोक्षणी बदलतो. रेनॉल्ड्स यांनी त्या वेगाचे दोन भाग केले, एक सरासरी आणि दुसरा तिच्याभोवतीचा चढउतार, आणि समीकरणांची सरासरी घेतली. तेव्हा असे दिसले की, चढउतार सरासरीत नाहीसे होत नाहीत. त्यांच्या गुणाकारांमुळे सरासरी प्रवाहावर जादा ताण येतो. भोवरे विरोध का वाढवतात, या वीस वर्षे जुन्या प्रश्नाला येथे गणिती रूप मिळाले. पण याबरोबर नवी अडचणही आली. अज्ञात राशी समीकरणांपेक्षा जास्त झाल्या, आणि तो तुटवडा कसा भरून काढायचा हा प्रश्न आजतागायत सर्वमान्यपणे सुटलेला नाही. याच निबंधात त्यांनी ऊर्जेच्या हिशेबावरून शांत आणि खवळलेल्या प्रवाहातील सीमा काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा उत्तर ५१७ आले. प्रयोगातली किंमत १,९०० ते २,००० होती.

हा निबंध तपासायला स्टोक्स आणि मँचेस्टरमधलेच गणिताचे प्राध्यापक होरेस लॅम्ब यांच्याकडे गेला. स्टोक्स यांनी तो आपल्याला नीट समजला नसल्याचे कळवले. लॅम्ब यांना बराच भाग अस्पष्ट वाटला. तरी दोघांच्याही अभिप्रायांचा शेवट असा झाला की, निबंध छापला गेला. आधीच्या कामाने मिळवलेली पत येथे उपयोगी पडली, यात शंका नाही. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. समजले नाही म्हणून नाकारणे सोपे होते आणि नियमालाही धरून झाले असते. रेनॉल्ड्स यांनी अधिक सुबोध लिहिले असते तर विसाव्या शतकाची सुरुवातीची काही वर्षे वाचली असती, हेही तितकेच खरे आहे. नव्या विचाराला वाचक मिळवून देणे ही लेखकाचीच जबाबदारी असते, आणि ती त्यांनी पुरेशी पेलली नाही. वर्गात फळा पुसून पुन्हा लिहिणे चालते. छापील पानावर वाचकाला ती संधी नसते. विमान, टर्बाइन किंवा पंप यांच्या प्रवाहाचे संगणकावर गणित करणारे अभियंते आज ज्या समीकरणांपासून सुरुवात करतात, ती याच निबंधातील आहेत.

अखेरच्या काळात त्यांनी विश्वाच्या रचनेसंबंधी एक सर्वव्यापी सिद्धांत मांडला. सारे अवकाश अतिसूक्ष्म गोलांनी ठासून भरलेले आहे, अशी त्याची कल्पना होती. १८८५ साली त्यांनी दाणेदार पदार्थांचा एक गुणधर्म शोधला होता: घट्ट बसलेल्या वाळूचा आकार बदलला की तिचे आकारमान वाढते. त्या खऱ्या शोधाचा त्यांनी फार लांबपर्यंत विस्तार केला. हे काम १९०३ साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांची प्रकृती ढासळू लागली होती, आणि विज्ञानाने ते स्वीकारले नाही. इतरांचे न वाचता स्वतःच्या बाजूने विचार पूर्ण नेण्याची जी सवय नळातल्या पाण्याच्या प्रश्नात फळली, तीच येथे आड आली असे मला वाटते, कारण नळाच्या प्रश्नात प्रत्येक पायरीवर रंगाची धार आणि दाबमापक त्यांना तपासत होते, तर विश्वाच्या रचनेत असे तपासणारे काही नव्हते. १९०५ साली ते निवृत्त झाले आणि २१ फेब्रुवारी १९१२ रोजी सॉमरसेटमधील वॉचेट येथे त्यांचे निधन झाले. लॅम्ब यांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिताना नोंदवले की, आपल्या कामाचे मोल त्यांना ठाऊक होते, पण त्याचा गाजावाजा करण्याची आवड त्यांना नव्हती.

त्या शुद्ध संख्येला आज रेनॉल्ड्स संख्या म्हणतात, पण हे नाव त्यांनी स्वतः दिले नाही. ते जर्मन भौतिकशास्त्रज्ञ सोमरफेल्ड यांनी १९०८ साली दिले. मूळ उपकरण मँचेस्टरला जपून ठेवले गेले आणि सुमारे शतकभराने त्यावर तोच प्रयोग पुन्हा केला गेला, तेव्हा रेघ रेनॉल्ड्स यांच्या वेळेपेक्षा बरीच आधी फुटली, कारण शेजारच्या रस्त्यावरील मोटारींची कंपने टाकीपर्यंत पोहोचत होती. वरची सीमा सुरुवातीच्या खळबळीवर अवलंबून असते, या त्यांच्या म्हणण्याला यापेक्षा चांगला पुरावा मागण्याचे कारण नाही. खालच्या सीमेचा प्रश्न अधिक चिवट निघाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत संशोधकांनी नळातून सरकणारे खळबळीचे सुटे तुकडे मोजले: एक तुकडा विझायला सरासरी किती वेळ लागतो आणि दुभंगून दोन व्हायला किती. हे दोन्ही वेळ त्या संख्येच्या सुमारे २,०४० या किमतीला सारखे होतात. त्याच्या खाली तुकडे विझण्याचे प्रमाण जास्त, वर पसरण्याचे. रेनॉल्ड्स यांनी आपल्या काचेच्या नळीत मधूनमधून दिसणारे जे तुकडे टिपून ठेवले होते, त्यांचीच ही मोजणी होती.